माझा नंबर वाढू नये म्हणून



या महिन्याच्या भित्तिपत्रकाचा विषय 'आपले आरोग्य' असा आहे. गुरुजींनी विषय वाटून दिले. कोणाला दात आले, कोणाला नखे, कोणाला पाणी उकळून पिणे. मला डोळे आले, कारण चौथीच्या वर्गात चष्मा मला एकटीलाच आहे. आधी मला रागच आला होता. पण मग दिवाळीच्या सुट्टीत आमची ताई आली. ताई म्हणजे माझ्या आत्याची मुलगी. ती पुण्याला डोळे तपासून नंबर काढायचे शिक्षण घेते. तिने जे जे सांगितले ते मी वहीत लिहून घेतले आणि गुरुजींनी आकडे परत तपासून दिले. म्हणून हा लेख मोठा झाला आहे. वरच्या ओळी उंच लागल्या तर बाकावर उभे राहून वाचा, पण चपला काढून.

तिसरीत असताना मला फळ्यावरचे दिसायचे नाही. गंमत म्हणजे, आपल्याला दिसत नाही हेच मला माहीत नव्हते. मला वाटायचे की सगळ्यांनाच फळा असा डस्टर फिरवल्यासारखा दिसतो. मी शेजारणीच्या वहीत बघून लिहायचे आणि बोलणी खायचे. डोळे बारीक केले की जरा बरे दिसायचे, तर सगळे म्हणायचे ही बघा कशी तोंड वाकडे करते. मग एक दिवस राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी शाळेत आली. हा कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला आणि त्यातले डॉक्टर शाळेत येऊन सगळ्या मुलांना तपासतात. त्यांनी भिंतीला तक्ता लावला आणि मला सहा मीटरवर उभे केले. मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि गप्प बसले.

डॉक्टरीणबाईंनी चिठ्ठी दिली आणि आण्णा मला कोल्हापूरला सीपीआरला घेऊन गेले. आजी त्याला थोरला दवाखाना म्हणते. तिथे डोळ्यांत औषध घातले. त्या दिवशी मला जवळचेसुद्धा दिसेना आणि उन्हात डोळे दिपायला लागले. पण ते दुसऱ्या दिवशी गेले. नंबर निघाला दोन्ही डोळ्यांना मायनस सव्वा.

चष्मा घालून पहिल्यांदा घरी येताना मी एसटीच्या खिडकीतून बाहेर बघतच राहिले. उसाचा पाला एकेक सुटा दिसत होता. जोतिबाच्या डोंगरावर झाडे आहेत हे मला त्या दिवशी कळले. तोवर मला तो नुसता निळा ढीग वाटायचा. आणि रात्री अंगणात चांदण्या! मला माहीतच नव्हते की त्या इतक्या आहेत.

मग मी शाळेत आले. पुढचे तुम्हाला माहीतच आहे. 'बॅटरी' आणि 'ढापणी'. कोण म्हणाले ते मी इथे लिहिणार नाही, गुरुजींनी तसे सांगितले आहे. पण मी चष्मा दप्तरात ठेवायला लागले. घरी विचारले की म्हणायचे, शाळेत घालते. शाळेत विचारले की म्हणायचे, घरी राहिला. असे वर्ष गेले. या वर्षी परत तपासले तर नंबर मायनस दोन झाला होता. म्हणजे एका वर्षात पाऊण नंबर वाढला.

आजी म्हणाली, "काचा घातल्या म्हणूनच वाढला. एवढ्याशा पोरीच्या डोळ्यावर काचा चढवल्यासा, आता वाढतच जाणार."

मी म्हटले, "आजी, मी घालतच नव्हते."

मग सगळ्यांनाच ते कळले. आण्णा काही बोलले नाहीत, पण जेवलेसुद्धा नाहीत.

आजीसारखे पुष्कळ जणांना वाटते की चष्म्याने नंबर वाढतो, किंवा नंबर थोडा कमीच दिला तर डोळ्याला सवय राहते. ताईने सांगितले की हे खरेच करून बघितले आहे. मलेशिया देशात ९ ते १४ वर्षांची ९४ मुले घेतली. काहींना पुरा नंबर दिला आणि काहींना पाऊण नंबर कमी दिला. दोन वर्षांनी बघितले तर पुरा नंबर घालणाऱ्यांचा नंबर सरासरी ०.७७ ने वाढला आणि कमी नंबर घालणाऱ्यांचा १ ने. म्हणजे कमी दिल्याने जास्तच वाढला. हे २००२ साली छापून आले. हे ऐकून आजी म्हणाली, ती मलेशियातली पोरं. म्हणून आता आपल्याकडचे सांगते.

पुणे जिल्ह्यात खेड्यांतल्या माध्यमिक शाळांतील मुलांना २००९ साली चष्मे दिले होते. दुसऱ्या वर्षी डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातली १०१८ मुले परत बघितली. तेव्हा फक्त ३०० जणांनी चष्मा घातला होता. दहातल्या तिघांनी! बाकीच्यांचे चष्मे हरवले होते, मोडले होते, घरी राहिले होते, काहींना आवडत नव्हते आणि काहींना मुले चिडवत होती. हे ऐकल्यावर मला बरे वाटले. बरे वाटायला नको होते, पण वाटले. माझ्यासारखी पुष्कळ जण आहेत.

आता नंबर म्हणजे काय ते सांगते. हे मला भिंगामुळे समजले. आपल्या विज्ञानपेटीत भिंग आहे. ते घेऊन वर्गात दारासमोर उभे राहा. भिंगाच्या मागे पांढरा कागद धरा आणि पुढे-मागे करा. वीतभर अंतरावर एका जागी कागदावर दाराचे आणि बाहेरच्या झाडाचे चित्र पडते, रंगीत आणि उलटे. आपल्या डोळ्यातही पुढे भिंग आहे आणि मागे कागदासारखा पडदा आहे. त्याला दृष्टिपटल म्हणतात. आता कागद दोन बोटे मागे न्या. चित्र फिसकटते. म्हणजे चित्र कागदाच्या अलीकडेच तयार होते आणि कागदापर्यंत येईस्तोवर पसरते. माझ्या डोळ्याचे तसेच झाले आहे. माझा डोळा मागच्या बाजूला लांब झाला आहे. मग ताईने तो कागद तसाच धरून भिंगापासून दोन हातांवर मेणबत्ती लावली, तर मेणबत्तीचे चित्र त्याच कागदावर स्वच्छ पडले! म्हणूनच मला पुस्तक दिसते आणि फळा दिसत नाही. याला निकटदृष्टिता म्हणतात.

जन्मलेल्या बाळाचा डोळा साधारण १७ मिलिमीटर लांब असतो आणि मोठ्या माणसाचा २४ मिलिमीटरच्या आसपास. तो वाढायलाच पाहिजे. पण वाढता वाढता तो एक मिलिमीटर जास्त लांब झाला की सुमारे अडीच नंबर लागतो. एक मिलिमीटर म्हणजे पट्टीवरची एक बारकी रेघ! आणि एकदा लांब झालेला डोळा परत आखूड होत नाही. म्हणून लवकर नंबर लागला तर काळजी, कारण पुढे वाढायला पुष्कळ वर्षे राहतात. नंबर सहाच्या पुढे गेला तर आतला पडदा ताणून पातळ होतो आणि मोठेपणी तो फाटायची किंवा सुटायची भीती जास्त असते. ते चष्म्याने बरे होत नाही. हे ताईने आईला हळू आवाजात सांगितले होते, पण मी ऐकले.

मग डोळ्याला कसे कळते की आता वाढायचे थांबावे? हे शास्त्रज्ञांनी कोंबडीच्या पिल्लांवरून शोधले. १९८८ साली त्यांनी पिल्लांच्या डोळ्यांवर छोटी भिंगे लावली. मायनस भिंगाने चित्र पडद्याच्या मागे गेले, तर थोड्याच दिवसांत पिल्लाचा डोळा लांब होऊन पडद्याने चित्र गाठले. प्लस भिंगाने चित्र पुढे आले, तर डोळ्याची वाढ मंदावली. म्हणजे डोळा स्वतःच चित्र कुठे पडते ते बघून वाढतो. आमच्या घरी अकरा पिल्ले आहेत. मी त्यांच्याकडे आता वेगळ्याच नजरेने बघते.

यावर आजीने बरोबर प्रश्न काढला. "मग तुझा चष्मा मायनसचाच हाय न्हवं?" ताई म्हणाली, आजी, तुम्ही हुशार आहात. पिल्लांचे डोळे चांगले होते, त्यांना नको असलेले भिंग लावले. हिच्या डोळ्याला जेवढे पाहिजे तेवढेच दिले आहे, म्हणून समोरचे चित्र बरोबर पडद्यावर पडते. पण साध्या चष्म्यात कडेचे चित्र थोडे पडद्याच्या मागे पडू शकते. म्हणून हाँगकाँगमध्ये एक नवीन काच केली. तिच्या मध्यभागी साधा नंबर आणि भोवती सुमारे ४०० बारकी भिंगे, मधाच्या पोळ्यासारखी. कडेचे चित्र ती पडद्याच्या अलीकडे आणतात आणि डोळ्याला जणू सांगतात, बास आता. तिथे ८ ते १३ वर्षांच्या १६० मुलांना दोन वर्षे तपासले. साध्या काचेने नंबर ०.८५ वाढला आणि या काचेने ०.४१, म्हणजे निम्मा. हे २०२० साली छापले आहे. अशा काचा आता आपल्या देशात मिळतात, पण साध्या काचेपेक्षा कितीतरी महाग आहेत. आण्णा म्हणाले, उसाचे बिल आले की बघू.

दुसरा उपाय औषधाचा आहे. त्याचे नाव अॅट्रोपीन. गावाच्या कडेला उकिरड्यावर पांढऱ्या भोंग्यासारख्या फुलांचा आणि काटेरी फळांचा धोतरा उगवतो, त्यात हे असते. धोतरा विषारी आहे! कोणी तोडू नका, बी तोंडात घालू नका, हात लागला तर डोळ्याला लावू नका. पण हेच अॅट्रोपीन दवाखान्यात मापून दिले की औषध होते. पिकावर फवारताना विषबाधा झाली की डॉक्टर तेच टोचतात. आमच्या शेजारच्या काकांना तसे टोचले होते आणि ते वाचले. नंबर वाढू नये म्हणून त्याचा अगदी पातळ थेंब रात्री झोपताना डोळ्यात घालतात. किती पातळ? ०.०१ टक्के. मी गणित केले, तर दहा लिटरच्या बादलीत फक्त एक ग्रॅम आले. गुरुजींनी उत्तरावर बरोबरची खूण केली.

दिल्लीच्या एम्स रुग्णालयातल्या आणि त्यांच्या सोबतच्या डॉक्टरांनी ६ ते १४ वर्षांच्या १०० मुलांवर हे करून पाहिले. निम्म्यांना औषध आणि निम्म्यांना नुसते साधे थेंब. कोणाला काय दिले ते मुलांना सांगितले नव्हते, म्हणजे लबाडी नको. एका वर्षात साध्या थेंबवाल्यांचा नंबर ०.३५ ने वाढला आणि औषधवाल्यांचा ०.१६ ने. हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. पण २०२३ साली अमेरिकेत तेवढ्याच पातळ औषधाचा दोन वर्षांत काही फरक दिसला नाही. आणि हाँगकाँगमध्ये ०.०५ टक्क्याचे औषध जास्त उपयोगी पडले. मी ताईला म्हटले, मग खरे कोणाचे? ती म्हणाली, सगळ्यांचेच खरे, मुले वेगळी आणि देश वेगळे, म्हणून अजून शोध चालू आहे. मला हे उत्तर फारसे आवडले नाही, पण तसेच लिहिते. हे थेंब डॉक्टरांनी दिले तरच घालायचे. मला अजून दिलेले नाहीत.

तिसरा उपाय मात्र फुकट आहे आणि तोच मला सगळ्यात सांगायचा आहे. तो म्हणजे दिवसाउजेडी घराबाहेर राहणे.

ऑस्ट्रेलियातील सिडनी आणि आपल्या आशियातील सिंगापूर या दोन शहरांतली ६-७ वर्षांची चिनी वंशाची मुले तपासली. वंश एकच. सिंगापूरच्या १०० मुलांत २९ जणांना मायनस नंबर होता आणि सिडनीच्या १०० मुलांत फक्त ३ जणांना. सिडनीची मुले पुस्तके जास्तच वाचत होती, तरी! फरक एवढाच मोठा दिसला की सिडनीची मुले आठवड्याला जवळजवळ १४ तास बाहेर असायची आणि सिंगापूरची फक्त ३ तास. हे २००८ साली छापून आले. मग चीनच्या ग्वांगझू शहरात २०१० पासून १२ शाळा घेतल्या. सहा शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटांचा एक तास बाहेर मैदानात दिला, बाकी सहा शाळांत काही बदल केला नाही. तीन वर्षांनी बाहेरवाल्या १०० मुलांत ३० जणांना नंबर लागला होता आणि आतवाल्या १०० मुलांत ३९-४० जणांना. तैवानने तर २०१० साली सगळ्याच शाळांना सांगितले की मुले रोज १२० मिनिटे बाहेर पाहिजेत. तिथे कमी दिसणाऱ्या मुलांचा वाढत चाललेला आकडा २०१२ नंतर खाली यायला लागला.

बाहेर असते तरी काय? उजेड. ताईच्या मोबाईलवर उजेड मोजायचे यंत्र आहे, त्याचे माप लक्स. आम्ही सुट्टीच्या दिवशी शाळेत येऊन मोजले. वर्गात मागच्या भिंतीजवळ १४० लक्स. खिडकीजवळ ६०० च्या आसपास. अंगणातल्या चिंचेच्या सावलीत सहा हजार! उन्हात मोबाईलच अडकला. भरपूर उजेड मिळाला की डोळ्याच्या पडद्यात डोपामीन नावाचा पदार्थ तयार होतो आणि बहुतेक तो डोळ्याला जास्त लांब होऊ देत नाही, असे शास्त्रज्ञ समजतात. सूर्याकडे बघायचे नाही हं! सूर्याकडे बघितले तर पडदा जळतो. सावलीत खेळले तरी चालते.

आजी मला म्हणायची, "उन्हातान्हात हुंदडू नगं, डोळं जातील." म्हणून नंबर लागल्यापासून मला संध्याकाळपर्यंत घरातच बसवत होते. म्हणजे उलटेच चालले होते.

पण एक गोष्ट खरी सांगते. बाहेर खेळण्याचा खात्रीचा उपयोग ज्यांना नंबर लागलेला नाही त्यांना आहे. एकदा नंबर लागला की बाहेर राहून तो किती मंदावतो यावर सगळे शोध एकसारखे नाहीत. म्हणजे हा उपाय माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त आहे. बॅटरी म्हणणाऱ्यांनासुद्धा. आणि माझ्या धाकट्या भावाला. तो पहिलीत आहे आणि शाळेतून आला की खाटेखाली शिरून मोबाईल बघतो. तो मोबाईल त्याच्या नाकापासून किती लांब असतो ते मी पट्टीने मोजले. बारा सेंटिमीटर. ताई म्हणते निदान हातभर, नाहीतर कोपर ते मूठ एवढे अंतर तरी पाहिजे, आणि मधून मधून लांब बघायचे.

आपल्या देशातल्या शहरांत १९९९ साली ५ ते १५ वर्षांच्या १०० मुलांत ४ जणांना मायनस नंबर होता आणि २०१९ साली २१ जणांना. खेड्यात तो कमी असतो. आपल्याला रान आहे, ओढा आहे, मैदान आहे. पण आपणही आता आतच बसायला लागलो आहोत. दुपारच्या सुट्टीत आपला शिष्यवृत्तीचा जादा तास असतो, तोही वर्गात, दार लावून, कारण बाहेर दुसरीची मुले दंगा करतात. म्हणून मी गुरुजींना विचारले की जादा तास चिंचेखाली घेऊ या का? गुरुजी म्हणाले, पालकांना विचारून बघू. म्हणून आज आलेल्या पालकांना मी विचारते आहे. धूळ लागते हे खरे आहे. पण सतरंजी आहे. पावसाळ्यात काय करायचे असेही गुरुजींनी विचारले. तेव्हा मला उत्तर आले नव्हते. मग ताईने फोनवर सांगितले की ढगाळ दिवशीसुद्धा बाहेर वर्गापेक्षा कितीतरी जास्त उजेड असतो, तेव्हा व्हरांड्यात बाहेरच्या कडेला बसा.

मी आता चष्मा रोज घालते. झोपताना आणि तोंड धुताना काढते. माझी सीपीआरची पुढची तारीख मे महिन्यात आहे. तेव्हा नंबर किती निघतो कोण जाणे. दोनच राहिला तर आई नारळ फोडणार आहे. अडीच झाला तर आण्णा त्या पोळ्याच्या काचेचे बघणार आहेत.

भिंग विज्ञानपेटीत खालच्या कप्प्यात आहे. झाडाचे उलटे चित्र कोणाला बघायचे असेल तर मधल्या सुट्टीत माझ्याकडे या. कागद मात्र आपापला आणा.

— इयत्ता चौथी, हजेरी क्रमांक १७